फॅशनचे शिक्षण आणि संशोधनाचे दुर्भिक्ष

मिलान येथे २२ जून २०२५ रोजी पुरुषांच्या फॅशन सप्ताहात प्राडा या इटालियन कंपनीने पुढील वर्षाच्या उन्हाळ्यासाठीचा आपला संग्रह सादर केला आणि मंचावर चालणाऱ्या काही तरुणांच्या पायांत कोल्हापुरी चपला दिसल्या. अंगठ्याभोवतीचे कडे, रुंद पट्टा, चपटा तळ. कोल्हापूर-सांगलीकडच्या शाळकरी मुलानेही त्या क्षणात ओळखल्या असत्या. कंपनीच्या वर्णनात मात्र ‘चामड्याच्या सँडल’ एवढाच उल्लेख होता. त्यानंतरचा घटनाक्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. समाजमाध्यमांतून टीकेची झोड उठली. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने कंपनीला पत्र धाडले आणि कंपनीने या चपलांमागची प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचे लेखी मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयात दाखल झालेली जनहित याचिका जुलैमध्ये फेटाळली गेली. त्याच महिन्यात कंपनीचे पथक कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेले. डिसेंबरमध्ये महाराष्ट्र व कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांबरोबर भारतात २,००० जोड बनवून घेण्याचे आणि ते सुमारे ८०० युरोंना विकण्याचे जाहीर झाले.

या गदारोळात चर्चा झाली ती चोरीची, स्वामित्वाची आणि अस्मितेची. ती व्हायलाच हवी होती. परंतु एक साधा प्रश्न त्या चर्चेत हरवला. एखादी वस्तू रेखाटनाच्या कागदापासून मंचापर्यंत पोहोचण्यास महिने लागतात. अनेक माणसांच्या हातांखालून ती जाते. त्या प्रवासात ‘हे कोठून आले, कोणी घडवले, त्याला काय म्हणतात’ हे तीन प्रश्न कोणीच कसे विचारले नाहीत? आणि विचारले असतील, तर उत्तर कागदावर का उतरले नाही? हे प्रश्न विचारण्याची सवय म्हणजेच संशोधन. ती कंपनीत नोकरी लागल्यावर लागत नाही. लागायची असेल तर विद्यापीठाच्या पहिल्या वर्षातच लागावी लागते. फॅशन डिझाइनच्या शिक्षणात नेमका हाच धडा सर्वांत घाईने उरकला जातो, आणि याबाबतीत मिलान व मुंबई यांच्यात वाटते तेवढे अंतर नाही.

प्राडावर तुटून पडणाऱ्यांचे संशोधनही फारसे भक्कम नव्हते, हे येथे नोंदवणे भाग आहे. ‘कोल्हापुरी चप्पल सव्वा लाखाला’ ही बातमी त्या आठवड्यात घरोघरी पोहोचली. प्रत्यक्षात मंचावरचा संग्रह अद्याप आरेखनाच्या प्राथमिक टप्प्यावर असून त्यातील कोणत्याही वस्तूचे उत्पादन निश्चित झालेले नाही, असे कंपनीने आपल्या पत्रोत्तरात म्हटले होते. ज्या वस्तूचे उत्पादनच ठरलेले नाही तिची किंमत कोठून आली? तीच गोष्ट ‘बाराव्या शतकापासूनची परंपरा’ या वाक्याची. ते जवळजवळ प्रत्येक लेखात आले. त्यामागचा पुरावा कोणता, शिलालेख की दप्तर, चित्र की प्रत्यक्ष वस्तू, हे मात्र क्वचितच कोणी सांगितले. परंपरा जुनी नाही असा याचा अर्थ नव्हे. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याने असे विधान उतरवून घेण्याआधी थांबून पुरावा मागितला पाहिजे, एवढाच याचा अर्थ. आणखी एक प्रश्न कोणी विचारला नाही. १९७० च्या दशकात हिप्पींच्या पायांतून कोल्हापुरी चप्पल अमेरिकेत पोहोचली होती. मग मिलानच्या चित्रकाराने ती कोल्हापुरावरून उचलली, की पन्नास वर्षांपूर्वीच्या एखाद्या पाश्चात्त्य छायाचित्रावरून? दोन्ही शक्यतांत ऋण कोल्हापूरचेच राहते. पण कोणत्या वाटेने ते झाले, याचा शोध घेणे हेच तर फॅशनच्या इतिहासाच्या अभ्यासकाचे काम.

‘फॅशनमध्ये कसले आले संशोधन’ असे म्हणणारे विद्यापीठांत आजही आहेत. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधील ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी १९९३ मध्ये केलेली मांडणी या ठिकाणी उपयोगी पडते. कला व रचनेच्या क्षेत्रातील संशोधन तीन प्रकारचे असते, असे त्यांनी सांगितले: रचनेविषयीचे, रचनेतून होणारे आणि रचनेसाठीचे. पैठणीचा इतिहास, तिचा व्यापार, तिच्या नेसणाऱ्या कोण होत्या, हे रचनेविषयीचे संशोधन. नवा धागा किंवा नवी वीण मागावर करून पाहणे आणि प्रत्येक प्रयोगाची नोंद ठेवणे हे रचनेतून होणारे. आणि पुढच्या हंगामाचा कपडा बेतण्यासाठी चित्रे, नमुने, रंग जमवणे हे रचनेसाठीचे. आपल्याकडच्या बहुसंख्य वर्गांत संशोधन म्हणून ओळखले जाते ते हे तिसरेच, आणि तेही त्याच्या सर्वांत आखूड रूपात. त्याला ‘मूडबोर्ड’ म्हणतात. इंटरनेटवरून वीस-पंचवीस चित्रे उतरवायची, ती एका मोठ्या कागदावर चिकटवायची, बाजूला रंगांचे चौकोन काढायचे, एखादा भारदस्त शब्द वर लिहायचा, झाले संशोधन.

मूडबोर्ड वाईट नाही. मनातली अस्पष्ट कल्पना दुसऱ्याला दाखवण्याचे ते चांगले साधन आहे. अडचण अशी, की चित्र मूळ जागेवरून उचलून बोर्डावर चिकटवताना त्याखालची ओळ गळून पडते. कोणाचे छायाचित्र, कोणत्या गावचे, कोणत्या साली घेतले, अंगावर कोणते कापड आहे, यातले काहीच उरत नाही. उरतो तो फक्त ‘लुक’. चपलेची ‘चामड्याची सँडल’ होण्याची सुरुवात येथेच होते.

वास्तविक या देशात रचनेच्या उच्च शिक्षणाचा पायाच एका निरीक्षणावर घातला गेला. भारत सरकारच्या निमंत्रणावरून आलेल्या चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ मध्ये जो अहवाल दिला, त्यातून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालातील सर्वांत गाजलेला भाग आहे साध्या लोट्यावरचा. लोटा आजच्या रूपाला कसा आला असेल, हे समजून घेण्यासाठी त्यांनी प्रश्नांची मोठी यादी दिली. त्यात पाणी किती मावावे, उचलणारा हात पुरुषाचा की बाईचा की मुलाचा, तो डोक्यावर न्यायचा की कमरेवर, भरल्यावर तोल कोठे जातो, ओतताना धार कशी पडते, आतून घासता येतो का, उन्हात तापला तर हाताला कसा लागतो, विकत घेताना आणि विकताना किती पैसे येतात, अशा तऱ्हेचे प्रश्न आहेत. घरात रोज हाताळल्या जाणाऱ्या वस्तूला इतके प्रश्न विचारता येतात हे ज्याला एकदा कळले, तो कोल्हापुरी पायताणाकडे पाहून नुसता ‘लुक’ टिपणार नाही. तळाला म्हशीचे कातडे का, वेणीला शेळीचे का, कातडे कमावायला बाभळीची साल आणि हिरडा का, खिळा न मारता चामड्याच्या वादीने शिवण्याचा फायदा काय, वेण्या घालण्याचे काम घरातल्या बायका करतात तर त्याची मजुरी कोणाच्या नावे लागते, असे तो विचारील. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा कडक झाल्यावर कच्च्या कातड्याचा पुरवठा कसा बदलला, हाही मग त्याच अभ्यासाचा भाग होतो. कापशी, कचकडी, पुकारी, बक्कलनाळी ही प्रकारांची नावे म्हणजे शोभेची यादी नव्हे. त्यांत गावे आणि घडणीच्या रीती दडलेल्या आहेत.

अहमदाबादच्या संस्थेनंतर पाव शतकाने, १९८६ मध्ये, दिल्लीत राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था म्हणजे ‘निफ्ट’ सुरू झाली. तयार कपड्यांच्या निर्यातीला माणसे हवी होती, ही त्यामागची मुख्य निकड. २००६ च्या कायद्याने तिला स्वतः पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. नवी मुंबईत खारघर येथे तिचे केंद्र आहे. हस्तकलेच्या गावी जाऊन कारागिरांमध्ये राहून नोंदी करणे हा तेथील अभ्यासक्रमाचा भाग आहे, हे श्रेय तिला द्यायला हवे. परंतु महाराष्ट्रात फॅशन डिझाइन शिकणारी बहुसंख्य मुले या मोजक्या जागांवर नसतात. ती असतात संलग्न महाविद्यालयांत आणि खासगी संस्थांत, जेथे ग्रंथालयात विषयाची पुस्तके मोजकी आणि अध्यापकांवर तासांचा भार मोठा असतो. तेथे ‘संशोधन’ म्हणजे काय, हे बहुधा मोबाइलच्या पडद्यावरच ठरते.

गंमत अशी, की ज्या शिक्षणाला फॅशनवाल्यांनी नाक मुरडले त्या जुन्या गृहविज्ञान शाखेत संशोधनाची शिस्त अधिक होती. ‘वस्त्रशास्त्र व परिधान’ हा विषय शिकणाऱ्या मुली भिंगाखाली कापड धरून एका इंचात ताण्याचे व बाण्याचे धागे किती ते मोजत. धागा जाळून तो कशाचा हे ठरवत. सुती धागा कागदासारखा जळतो व मागे हलकी राख उरते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि बोटांत चिरडणारी काळी गुठळी उरते. पॉलिएस्टर वितळते आणि कडक मणी होऊन बसते. ही चाचणी करायला प्रयोगशाळाही लागत नाही. दादर, ठाणे किंवा पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर ‘पैठणी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या साड्यांचे दहा धागे आणून प्रथम वर्षाच्या वर्गाने जाळून पाहिले, तर पैठणीच्या अर्थशास्त्रावर त्याहून चांगले व्याख्यान कोणी देऊ शकणार नाही. मग पुढचे प्रश्न आपोआप येतात. पदरावरची नक्षी मागच्या बाजूनेही तितकीच स्वच्छ आहे की तेथे धागे लोंबतात? जर चांदीवर सोन्याचे पाणी दिलेली आहे, तांब्याची आहे, की नुसता चकाकणारा प्लॅस्टिकचा पट्टा? येवल्याच्या हातमागावर एका पदराला कित्येक दिवस लागत असतील, तर या किमतीला ही साडी मिळूच कशी शकते?

वस्तूच वाचायची ही पद्धत आता परदेशांतील विद्यापीठांत रीतसर शिकवली जाते. अमेरिकन कला-इतिहासकार ज्यूल्स प्राउन यांनी १९८२ मध्ये वस्तूच्या अभ्यासाची तीन पावले सांगितली: आधी वर्णन, मग वस्तूशी स्वतःचा संबंध लावून अनुमान, आणि सर्वांत शेवटी तर्क. इंग्रिड मिडा आणि अलेक्झांड्रा किम यांनी २०१५ च्या ‘द ड्रेस डिटेक्टिव्ह’ या पुस्तकात हीच रीत कपड्यांना लावून दाखवली. ते पुस्तक नवख्या विद्यार्थ्यांसाठीच आहे आणि त्याचा आग्रह एकच, की सावकाश पाहा. शिवण उसवून पुन्हा घातली आहे का, काखेत घामाचा डाग आहे का, गुंडी मूळची की बदललेली, हे पाहिल्याशिवाय ‘स्त्रीमुक्ती’ आणि ‘वसाहतवाद’ या शब्दांकडे वळायचे नाही.

ही शिस्त नसली की काय होते याचे ताजे उदाहरण म्हणजे खणाची साडी. गेल्या काही वर्षांत खणाच्या साड्यांनी शहरी बाजारपेठ व्यापली, आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत ‘महाराष्ट्राची पारंपरिक खणाची साडी’ असे शब्द सर्रास येऊ लागले. खण हे मुळात चोळीचे कापड. अरुंद पन्ह्याचे, काठासह विणलेले, चोळीपुरता एक तुकडा घडी घालून विकले जाणारे. त्या अरुंद पन्ह्यातून कमीत कमी वाया जाईल अशी चोळी बेतली जाई. खणाच्या विणकामाचे मोठे केंद्र गुळेदगुड्ड आज कर्नाटकात आहे. नेसणाऱ्या मोठ्या संख्येने महाराष्ट्रात. म्हणजे ‘महाराष्ट्राची’ हा शब्द अपुरा, ‘पारंपरिक’ हा शब्द संशयास्पद आणि ‘साडी’ तर अलीकडचीच. खणाची साडी नेसू नये असे कोणी म्हणणार नाही. त्या साडीने विणकरांना काम दिले असेल तर उत्तमच. पण चोळीच्या कापडाची साडी केव्हा झाली, कोणी केली, पन्हा वाढवण्यासाठी मागात काय बदलावे लागले, यंत्रमागावरचे कापड किती आणि हातमागावरचे किती, हा पदवीच्या विद्यार्थ्याला पुरून उरेल असा विषय आहे. तो समोर असताना ‘पारंपरिक’ म्हणून पुढे जाणे म्हणजे हातातली संधी सोडणे.

वस्त्रांचे संशोधन निरागस असते असेही नाही. भारतीय कापडाच्या अभ्यासातले एक अत्यंत काटेकोर काम जॉन फोर्ब्स वॉटसन या इंग्रज अधिकाऱ्याने केले. लंडनच्या इंडिया म्युझियममधील कापडांचे तुकडे कापून त्याने १८६६ मध्ये १८ खंडांत ७०० नमुने चिकटवले. प्रत्येकासोबत शक्य तेथे लांबी, रुंदी, वजन, किंमत आणि कापड कोठून आले याची नोंद केली. असे २० संच तयार झाले; १३ ब्रिटनमध्ये राहिले, ७ भारतात आले. उद्देश उघड होता. हिंदुस्थानातले लोक काय नेसतात, कसे नेसतात हे इंग्रज गिरणीवाल्यांना कळावे आणि त्यांनी तसेच कापड विणून येथे विकावे. वॉटसनच्या नोंदी आजही अभ्यासकांना उपयोगी पडतात, कारण त्या अचूक आहेत. आणि त्या ज्यांच्याविरुद्ध वापरल्या गेल्या ते विणकर त्यात कोठेही नावाने येत नाहीत. प्राडाने नोंदच ठेवली नाही आणि वॉटसनने उत्तम नोंद ठेवली. दोन्हीकडे गहाळ आहे तो कारागीर. संशोधनाच्या पहिल्या वर्षी ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून शिकवण्यासारखी आहेत.

आपल्याकडे या विषयाला स्वतःची परंपरा नाही असा समज असेल, तर तोही चुकीचा. मालवणात जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राची घडण करणारे गो. स. घुर्ये यांनी १९५१ मध्ये भारतीय वेशभूषेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचे संचालक राहिलेले डॉ. मोतीचंद्र यांनी शिल्पे, चित्रे आणि साहित्य यांच्या आधारे प्राचीन भारतीय वेशाचा अभ्यास केला. कोल्हापुरात १९२९ साली जन्मलेल्या, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या भानू अथैया यांना ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये ऑस्कर मिळाले. त्या पारितोषिकाचे कौतुक झाले. त्यामागच्या कामाचे स्वरूप फारसे कोणी पाहिले नाही. बॅरिस्टरच्या सुटापासून पंचापर्यंतचा एका माणसाचा प्रवास आणि त्याच्याभोवतीचे अर्धशतक अंगावरच्या कपड्यांतून उभे करायचे, तर कोणत्या वर्षी कोणत्या थरातला माणूस काय घालत होता, याचा शोध अटळ असतो. फॅशन शिकणाऱ्या मुलांच्या संदर्भसूचीत ही नावे अभावानेच दिसतात. पॅरिसमधले सर्व काही ठाऊक, आणि घुर्ये कोण हे ठाऊक नाही, ही अवस्था केवळ मुलांची नाही.

महाराष्ट्रात वस्त्राचा अभ्यास जातीचा विचार टाळून करताच येत नाही. पायात वहाण घालून गावातून चालण्याची मनाई होती ती कोणाला, आणि ती वहाण शिवणारे हात कोणाचे, या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांना लागून आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा सूट आणि गांधींचा पंचा ही दोन्ही राजकीय विधाने होती. एकाने अंगावर काय चढवले आणि दुसऱ्याने काय उतरवले, हे कोठून आलेल्या माणसाने केले हे पाहिल्याशिवाय कळत नाही. एमा टार्लो यांचा १९९६ चा ‘क्लोदिंग मॅटर्स’ हा ग्रंथ भारतीय वेशाच्या अभ्यासात म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. गुजरातमधल्या खेड्यात भरतकामाचे जुने कपडे मागे पडत होते आणि त्याच सुमारास दिल्लीच्या हौज खास व्हिलेजमध्ये ‘एथनिक’ म्हणून तशीच वस्त्रे श्रीमंत घरांत जात होती, हे त्यांनी प्रत्यक्ष राहून नोंदवले. प्राडा प्रकरणात साऱ्या महाराष्ट्राला कोल्हापुरीचा अभिमान दाटून आला. ज्या वस्त्यांत ती चप्पल घडते तेथील मुले तो धंदा का सोडत आहेत, याची चौकशी त्या मानाने थोडक्यात आटोपली.

म्हणून विद्यार्थी जेव्हा वही आणि कॅमेरा घेऊन कारागिराच्या दारी जातो, तेव्हा त्याला काही गोष्टी आधी शिकवलेल्या असाव्या लागतात. छायाचित्र घेण्यापूर्वी विचारणे. नमुना मागितला तर त्याचे पैसे देणे. दोन तास काम थांबवून माणूस बोलत बसला, तर त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते हे ओळखणे. ‘काका, हे कसं करता’ एवढ्यावर न थांबता, जे सांगितले ते परत वाचून दाखवणे. आणि तयार झालेला अहवाल त्याच्या हाती देणे. हा शेवटचा मुद्दा सर्वांत दुर्लक्षित आहे. हस्तकलांच्या नोंदींचे शेकडो जाडजूड अहवाल संस्थांच्या कपाटांत बंद आहेत, आणि ते इंग्रजीत आहेत. मराठी मुलगी मराठी विणकराला मराठीत प्रश्न विचारते, तो मराठीत उत्तर देतो, आणि कागदावर जे उतरते त्यात काठ, पदर, कांडी, फणी, नारळी, असावली, बांगडी मोर हे शब्द पातळ होऊन ‘बॉर्डर’ आणि ‘मोटिफ’ होतात. विणकर आपल्याविषयी काय लिहिले गेले ते वाचू शकत नाही, तेव्हा चुकीची दुरुस्तीही होत नाही.

कायदा या बाबतीत फार पुढे नेत नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. हे मानांकन नावाचे रक्षण करते. ते नाव न वापरता तशीच चप्पल केली, तर त्याची पकड सैल पडते. शिवाय ते भारतात नोंदलेले आहे, इटलीत नव्हे. उच्च न्यायालयानेही याचिकाकर्ते मानांकनाचे नोंदणीकृत धारक नसल्याकडे बोट दाखवले. नोव्हेंबर २०२४ मध्ये रियाध येथे झालेल्या आरेखनविषयक आंतरराष्ट्रीय करारात, नोंदणीसाठी अर्ज करणाऱ्याला पारंपरिक ज्ञानाचा संदर्भ उघड करण्यास सांगण्याची मुभा देशांना मिळाली आहे. ती मुभा वापरायची तर परंपरा कोठे, कोणाकडे, कोणत्या रूपात आहे याची विश्वसनीय नोंद हाताशी लागते. अशी नोंद न्यायालयात तयार होत नाही. आणि दोष परदेशी कंपन्यांचाच असतो असेही नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये सब्यसाची यांनी एच अँड एम या कंपनीसाठी केलेल्या स्वस्त संग्रहात भारतीय ठशांच्या छपाईची आठवण देणारी नक्षी यंत्रावर छापलेली होती, तेव्हा देशातील हस्तकला संस्थांनी खुले पत्र लिहून कारागिरांना यातून काय मिळाले, असा रोखठोक प्रश्न केला होता.

आता यात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. चार शब्द लिहिले की ‘पैठणीच्या जॅकेटातील तरुणी’ पडद्यावर तयार होते. त्या चित्रातला मोर येवल्याचा नसतो आणि बनारसचाही नसतो. त्या कापडाला ताणा नाही, बाणा नाही. मूडबोर्डावर निदान कोणाचे तरी खरे छायाचित्र होते, शोधले असते तर मूळ सापडले असते; येथे सापडण्यासारखे मूळच उरत नाही. बंदी घालून हे थांबणार नाही. ज्या विद्यार्थ्याने एकदा स्वतः धागे मोजले आहेत त्याला ते चित्र खोटे दिसेल, एवढाच इलाज सध्या उपलब्ध आहे. त्यासाठी महागडी यंत्रसामग्री नको. मुंबईत भायखळ्याचे भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे, आणि कुठल्याही घरात आजीची एक पेटी असते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे हा प्रश्न आता पुढे ढकलता येणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार पदवी चार वर्षांची होऊ शकते. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधनाचा मार्ग निवडता येतो आणि त्यात १२ श्रेयांकांचा स्वतंत्र संशोधन प्रकल्प असतो. भारतीय ज्ञानपरंपरेचेही श्रेयांक आहेत. फॅशनच्या विद्यार्थ्यासाठी याहून सोयीची चौकट मिळणे कठीण, कारण त्याच्या विषयातली ज्ञानपरंपरा पोथीत नसून अद्याप जिवंत माणसांच्या हातांत आहे. पण चौकटीत बसणारी माणसे कोठे आहेत? चांगले बेतकाम शिकवणारे, उद्योगात वर्षानुवर्षे काम केलेले शिक्षक आहेत. त्यांना संशोधनाचे मार्गदर्शन करण्याचा अनुभव नाही. संशोधनाचा अनुभव असलेले समाजशास्त्र आणि इतिहास विभागांतले प्राध्यापक आहेत. त्यांना कापडात रस नाही, असला तरी आपल्या विभागात तो बोलून दाखवण्याचा संकोच वाटतो. एकाच विद्यापीठात हे दोन विभाग असतात आणि एकाचा विद्यार्थी दुसऱ्याच्या ग्रंथालयात सहसा पाऊल टाकत नाही. मूल्यमापनही अंतिम कपड्याचे होते, त्याआधीच्या वहीचे नव्हे. वर्षअखेरीच्या प्रदर्शनात मंचावर जे चालते त्याला टाळ्या मिळतात, प्रवेशाच्या जाहिरातीत तेच छापले जाते, आणि पालकही तेच पाहायला येतात. विद्यार्थ्याने येवल्याला चार दिवस काढून भरलेल्या नोंदवहीला दहा-पंधरा गुण असतील, तर तो ती वही आदल्या रात्री भरणार, हे सांगायला शिक्षणतज्ज्ञ लागत नाही.

महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत हा आराखडा २०२४-२५ पासून पहिल्या वर्षाला लागू झाला. त्या तुकडीतले जे विद्यार्थी संशोधनाचा मार्ग निवडतील, ते २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षात पोहोचतील आणि मार्गदर्शक शोधू लागतील. त्यांचे पहिले वर्ष मूडबोर्ड चिकटवण्यात संपलेही आहे.